मनन करील तो मनुष्य

श्रीगणेशास, श्रीशारदेस आणि गोमंतकाची माउली श्रीशांतादुर्गा हिला वंदन करून निरूपणास आरंभ करितो. विषय जुनाच आहे. मनुष्य इतर प्राण्यांहून वेगळा कशामुळे, आणि त्या वेगळेपणात बुद्धीचा वाटा कोणता? प्रश्न पंडितांच्या सभेतला वाटला, तरी तो आपल्या शेताच्या बांधावर, घराच्या ओसरीवर आणि देवळाच्या चौकात रोज उभा राहत असतो. प्रस्तुत लेखक शास्त्री नव्हे. शाळेच्या शेवटच्या परीक्षेपलीकडे त्याचे शिक्षण गेलेले नाही. वडिलांच्या शेजारी बसून जे ऐकले आणि स्वतःच्या डोळ्यांनी जे पाहिले, तेवढेच भाविक वाचकांपुढे ठेवीत आहे.

भूक, झोप, भय आणि संतती या गोष्टी मनुष्यात आणि पशूत सारख्याच आहेत, वेगळेपणा आहे तो धर्माचा, असे आपले सुभाषितकार सांगत आले. यास्काचार्य तर शब्दाच्या मुळाशीच हात घालतात. निरुक्तात 'मनुष्य' या शब्दाची उपपत्ती देताना त्यांनी असा आशय सांगितला आहे की, जो आधी विचार करितो आणि मग आपली कर्मे शिवतो, तो मनुष्य. 'शिवणे' हा शब्द किती मार्मिक आहे पाहा! शिंपी आधी माप घेतो, खूण करितो, मग कात्री लावितो. एकदा कापलेले कापड पुन्हा अखंड होत नाही. आपली कर्मेही तशीच. मागचे कर्म पुढच्याला जोडणारा जो दोरा, तो विचाराचा. तो दोरा नसेल तर आयुष्य म्हणजे नुसत्या चिंध्यांचा ढीग.

यावर आजचा सुशिक्षित वाचक म्हणेल, "बुद्धी केवळ मनुष्यालाच आहे, हे कोणी सांगितले?" आक्षेप खरा आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. १९६० साली जेन गुडाल या विदुषीने आफ्रिकेतील गोंबेच्या अरण्यात चिंपांझी माकडे गवताच्या काड्या वारुळात घालून वाळवी बाहेर काढताना आणि डहाळीची पाने ओरबाडून तिचे हत्यार बनविताना पाहिली. २००२ साली ऑक्सफर्ड येथे बेटी नावाच्या एका कावळीने सरळ तार वाकवून तिचा आकडा केला आणि नळीच्या तळातले अन्न वर ओढून घेतले. श्राद्धाच्या दिवशी आपण ज्याची वाट पाहतो, त्याच्या जातभाईंची ही हुशारी! इतकेच नव्हे, १९९७ साली बुद्धिबळाचा जगज्जेता कास्पारॉव्ह एका संगणकाकडून हरला; आणि आज तर खिशात मावणारे यंत्र प्रश्नांची उत्तरे देते व पत्रेही लिहून देते. तेव्हा युक्ती, आठवण आणि हिशेब एवढ्यालाच बुद्धी म्हणावयाचे असेल, तर तो मान आपल्याला कावळ्याबरोबर आणि यंत्राबरोबर वाटून घ्यावा लागेल.

मग उरते काय? ते कळण्यासाठी लांब जावयास नको. २०२५ च्या सप्टेंबरात 'ओंकार' नावाचा हत्ती सिंधुदुर्गातून आपल्या पेडणे तालुक्यात उतरला, ते सर्वांच्या स्मरणात आहे. मोपा, तांबोसे या बाजूची उभी भातशेती त्याने तुडविली. शेतकऱ्याच्या डोळ्यांत पाणी आले, नुकसानभरपाई मागितली गेली, रात्रीच्या रात्री जागून काढाव्या लागल्या. परंतु 'हा हत्ती अधर्मी आहे' असे कोणी म्हटले काय? नाही. त्याला भूक लागली, भात दिसले, तो गेला. भूक आणि पाऊल यांच्या मध्ये त्याच्याजवळ थांबण्याची जागा नव्हती. तेच शेत रात्री एखाद्या मनुष्याने कापून नेले असते, तर आपण त्याला दोष दिला असता. कारण त्याला थांबता आले असते. मनुष्याला आपण दोषी धरितो, हाच त्याचा सर्वात मोठा गौरव आहे. वासना आणि कृती यांच्या मधल्या त्या थांबण्याच्या जागेचे नाव विवेक. तर्क सांगतो 'हे कसे साधेल'. विवेक विचारतो 'हे साधावे काय?' पहिला प्रश्न कावळ्यालाही पडतो. दुसरा केवळ मनुष्याला पडतो.

कित्येक भाविकांची अशी समजूत असते की, प्रश्न विचारणे हे श्रद्धेच्या विरुद्ध आहे; देवळात यावयाचे तर बुद्धी चपलांबरोबर बाहेर ठेवावयाची. या समजुतीला कठोपनिषदाचा आधार नाही. तेथील कथा आपल्याला ठाऊक आहे. वाजश्रवस सर्वस्वदानाचा यज्ञ करीत होता. दानासाठी गाई आणिल्या त्या म्हाताऱ्या, आटलेल्या, ज्यांचे खाणेपिणे संपले होते अशा. विधी यथासांग चालला होता. ऋत्विज गप्प होते. त्या वेळी लहानग्या नचिकेत्याच्या अंतःकरणात श्रद्धेने प्रवेश केला, असे उपनिषद सांगते. आणि श्रद्धेने प्रवेश केल्यावर त्याने काय केले? तो विचार करू लागला. असल्या दानाने बाबांना कोणता लोक मिळणार? आणि त्याने प्रश्न विचारला. श्रद्धा आली म्हणून प्रश्न आला! वडिलांवर, यज्ञावर आणि सत्यावर त्याचे प्रेम नसते, तर तोही इतरांसारखा गप्प बसला असता. पुढे यमधर्माने त्याच्यापुढे हत्ती, घोडे, सोने आणि दीर्घायुष्य ठेविले. त्याने ते नाकारिले. श्रेय आणि प्रेय ही दोन्ही मनुष्यासमोर येतात आणि धीर पुरुष त्यांतील भेद ओळखून निवड करितो, हे त्या उपनिषदाचे सार आहे. तेथेच रथाचे रूपकही आहे. शरीर हा रथ, इंद्रिये हे घोडे, मन हा लगाम आणि बुद्धी ही सारथी. रथाचा स्वामी मात्र आत्मा. घोडे मारून टाका असे ऋषी सांगत नाहीत. सारथी जागा ठेवा, एवढेच सांगतात.

आता एक घरची गोष्ट सांगतो. तिच्यावाचून वरील सर्व विवेचन मला पोथीतले राहिले असते.

आमच्या घराण्याकडे एका देवळाच्या पूजेची सेवा आहे. मी आठ-नऊ वर्षांचा असतानाची गोष्ट. आषाढातली तिन्हीसांज होती. शेतात काम करताना एका गृहस्थाला साप चावला. चौघांनी त्याला उचलून घरी आणिले. कोणी मंत्र घालणाऱ्याकडे धावले आणि दोघेजण भिजत माझ्या वडिलांकडे आले. "भटजी, देवीला प्रसाद लावा. इस्पितळात न्यावे की मंत्रावर ठेवावे, तेवढे विचारा." वडिलांनी स्नान केले, गाऱ्हाणे घातले, मूर्तीला पाकळ्या लाविल्या. सर्वजण हात जोडून पाहत राहिले. बऱ्याच वेळाने पाकळी पडली. मंत्रावर ठेवावे, असा तिचा अर्थ लाविला गेला. पहाटे तो गृहस्थ गेला. त्याची दोन मुले माझ्याच शाळेत होती.

वडील त्याविषयी कित्येक वर्षे बोलले नाहीत. एकदा समईची वात सारताना आपण होऊन म्हणाले, "त्या रात्री देवी चुकली नाही रे. चुकलो आम्ही. जे दिसत होते ते तिला विचारले. साप चावला आहे, विष चढते आहे, औषध म्हापशाला आहे. यात विचारण्यासारखे काय होते? तिने डोळे दिले, बुद्धी दिली. ती वापरायची सोडून मी पाकळीकडे पाहत बसलो. पाकळी पाण्याने धरून राहते आणि सुकली की पडते. तिच्यावर मी एका माणसाचा जीव टाकला."

पाच वर्षांपूर्वी तसाच प्रसंग पुन्हा आला. ऐन रात्री एका बारा-तेरा वर्षांच्या मुलाला घेऊन त्याची माणसे आली. पायाला सूज होती, दाताच्या दोन खुणा होत्या. पुन्हा तेच शब्द, "प्रसाद लावा." वडिलांनी गाभाऱ्याचे दार उघडिले नाही. म्हणाले, "देवीने उत्तर आधीच दिले आहे. गाडी काढा." मुलाला पाय हलवू न देता उचलून ठेविले, आणि स्वतः सोवळे सोडून त्याच्या उशाशी गाडीत बसले. म्हापशाच्या इस्पितळात सर्पविषावरील औषध मिळाले. दोन दिवसांनी मुलगा जेवू लागला. त्या दिवशी देवीची सकाळची पूजा फार उशिरा झाली. कोणी कुरकुर केली, कोणी केली नाही. मी फुले आणिली, वडिलांनी स्नान करून पूजा केली. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज आरतीत दाटून आलेला मी त्या एका दिवशी ऐकिला.

कोणी विचारील, "म्हणजे कौल-प्रसाद सारे खोटे काय?" पुजाऱ्याच्या मुलाने या प्रश्नाचे उत्तर टाळू नये. माझी समजूत अशी की, देवतेपुढे मन मोकळे करण्यात मोठे बळ आहे. गाऱ्हाणे घालताना मनुष्य आपले दुःख प्रथमच स्पष्ट शब्दांत मांडतो; कित्येकदा मांडता मांडताच त्याची वाट त्याला दिसते. दोन्ही मार्ग सारखेच चांगले असतील आणि मन डळमळत असेल, तर प्रसाद घेऊन ते स्थिर करावे. परंतु जे डोळ्यांना दिसते, जे वैद्य सांगू शकतो, जे न्यायाने आपल्याला आधीच ठाऊक आहे, ते पाकळीवर टाकणे म्हणजे भक्ती नव्हे. आपला भार चुकविण्यासाठी देवीला पुढे करणे आहे. याच धारगळच्या भूमीवर आयुर्वेदाची अखिल भारतीय संस्था उभी आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी तिचे उद्घाटन झाले. आयुर्वेद तरी काय सांगतो? आधी रोगाची परीक्षा, मग औषध. आपले पूर्वज परीक्षेला भीत नव्हते.

मात्र दुसऱ्या बाजूचा खड्डाही दाखविला पाहिजे. अंधश्रद्धेतून सुटलेली बुद्धी आपोआप शुद्ध होते, असे नव्हे. सारथी जागा असतो, पण भाडोत्री असतो. घोडे म्हणतील तिकडे तो रथ फार कुशलतेने नेतो. मोपाच्या विमानतळावरून २०२३ च्या जानेवारीपासून विमाने उडू लागली. जमिनीच्या वाढत्या किमतीपुढे भावाचा वाटा कागदोपत्री कसा बुडवावा, म्हाताऱ्या आईचा अंगठा कोठे घ्यावा, हे ज्याला सुचते तो मूर्ख नसतो. त्याची बुद्धी तल्लखच असते. तिने 'कसे' हे शिकून घेतले, 'का' हे विचारले नाही. तसेच खिशातल्या यंत्रावर आलेला कोणताही निरोप खरा मानून पुढे पाठविणारा स्वतःला आधुनिक समजतो. वास्तविक त्यानेही एक पाकळीच लाविली आहे, फक्त ती काचेवर लाविली आहे.

म्हणून बुद्धीचा उजेड आधी स्वतःवर पडला पाहिजे. सोहिरोबानाथ आंबिये यांचे चरित्र येथे आठवते. १७१४ साली बांद्याला जन्मलेल्या या सत्पुरुषाचे घराणे मूळचे आपल्या पेडण्यातील पालये गावचे. त्यांच्याकडे बांद्याचे कुलकर्णीपण होते, म्हणजे गावाचा हिशेब लिहिण्याचे काम. पुढे ते काम सोडून त्यांनी आत्मशोधाचा मार्ग धरिला. गावाच्या वसुलीचा हिशेब ठेवणाऱ्याने स्वतःचा हिशेब मांडावयास घेतला, असे मी त्याकडे पाहतो. आज विर्नोड्याच्या शासकीय महाविद्यालयास त्यांचे नाव आहे. तेथे शिकणाऱ्या आपल्या मुलांनी दोन्ही हिशेब शिकावेत.

शेवटी पुन्हा देवीच्या पायांशी येऊ. शिव आणि विष्णू यांच्यात युद्ध पेटले, तेव्हा जगदंबा दोघांच्या मध्ये उभी राहिली आणि तिने ते शमविले. म्हणून ती शांतादुर्गा, अशी आपल्या गोमंतकाची श्रद्धा आहे. ती कथा केवळ देवलोकाची नाही. क्रोध उठला आहे आणि हात उगारला आहे, त्यांच्या मध्ये ती उभी राहते. लोभ उठला आहे आणि सही करावयाची आहे, त्यांच्या मध्ये ती उभी राहते. भय दाटले आहे आणि सोपी पळवाट समोर आहे, तेथेही ती उभी राहते. ती जी मधली जागा, तोच विवेक. आणि तो आपल्यात आहे म्हणूनच आपण मनुष्य आहोत.

तेव्हा भाविक बंधुभगिनींनो, देवळात येताना नारळ आणा, फुले आणा आणि आपली बुद्धीही बरोबर आणा. ती देवीनेच दिलेली आहे. तिच्यापुढे ठेविली तर देवी रागावणार नाही. आणि तुमच्या दारी रात्री कोणी संकटात आला, तर आधी गाडी काढा. पूजा थोडी उशिरा झाली तरी चालते, हे मी माझ्या वडिलांकडून शिकलो आहे.

श्रीशांतादुर्गा सर्वांस सद्बुद्धी देवो. शुभं भवतु.