मोहाच्या घडीं भरंवसा कोणाचा?



गळ्यांत माळ पडली, एकादशी धरली, पंढरीची वाट अंगवळणीं पडली, म्हणजे मोह संपला असें कोणी समजूं नये. प्रवाहाबरोबर वाहणाऱ्याला पाण्याचा जोर कळत नाहीं. उलट पोहूं लागला म्हणजे कळतो. चंद्रभागेच्या वाळवंटांत दारू सोडल्याची शपथ घेऊन गेलेला माणूस आठ दिवसांत पुन्हां त्याच दुकानाशीं उभा राहतो आणि मग लाजेनें भजनालाही येईनासा होतो. अहो, त्याचा निश्चय खोटा नव्हता. मग तो मोडला कां? याचें उत्तर आज एका ख्रिस्ती संताच्या चरित्रांत पाहूं.

कोणी विचारील, आपल्या घरीं संतांची काय उणीव, म्हणून दुसऱ्याच्या दारीं जावें? उणीव मुळींच नाहीं. पण रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) सांगत कीं, आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताच्या पायांशीं आलों. पुलावरून जातां येतें तसें येतांही येतें. तेव्हां घटकाभर पलीकडचें पाहून यावें, त्यांत भिण्यासारखें कांहीं नाहीं.

या संताचें नांव ऑगस्टीन. जन्म इ. स. ३५४, उत्तर आफ्रिकेंतील तागास्ते या गांवीं; तें ठिकाण आज अल्जीरिया देशांत आहे. आई मोनिका मोठी भाविक. मुलगा बुद्धीचा तल्लख, पुढें वक्तृत्वशास्त्राचा नामांकित शिक्षक झाला. सोळाव्या वर्षीं त्यानें सोबत्यांबरोबर रात्रीं शेजारच्या झाडाचीं नासपतीचीं फळें चोरलीं. भूक नव्हती. घरीं याहून चांगलीं फळें होतीं. चोरलेलीं बहुतेक डुकरांपुढें टाकलीं. इ. स. ३९७ ते ४०० च्या सुमारास लिहिलेल्या ‘कन्फेशन्स’ या आपल्या ग्रंथांत तो हें स्वतःच सांगतो आणि म्हणतो कीं, एकटा असतों तर हें केलें नसतें. संगतीचा हा महिमा!

याच ग्रंथांत त्याच्या अलिपियस नांवाच्या मित्राची हकिकत आहे. रोम शहरांत त्या काळीं शस्त्रधारी माणसें एकमेकांशीं झुंजवून मारण्याचे खेळ चालत. अलिपियसला त्यांचा तिटकारा. एके दिवशीं सोबत्यांनीं त्याला ओढतच तेथें नेलें. तो म्हणाला, शरीर न्याल, पण मन आणि डोळे कसे न्याल? बसला डोळे मिटून. पण मंडळी, कान उघडे राहिले ना! एक लढवय्या पडला, हजारों लोक एकदम ओरडले, आणि याला राहवेना. पाहूं तर खरें, पाहून झिडकारूं, असें म्हणून डोळे उघडले. रक्त दिसलें आणि तो त्या रक्तानेंच धुंद झाला. पुढें तो स्वतः जाऊं लागला आणि दुसऱ्यांनाही नेऊं लागला. कोठें चुकलें? ऑगस्टीन सांगतो कीं, ज्या देवावर भरंवसा ठेवायचा त्याला सोडून यानें स्वतःवर ठेवला. धाडस होतें, बळ नव्हतें.

ऑगस्टीनची गत वेगळी नव्हती. चुकीचें आहे हें कळत होतें. पण संवय सुटेना. तो म्हणतो, इच्छा वांकडी झाली कीं वासना होते, वासनेची चाकरी केली कीं संवय होते, आणि संवय अडवली नाहीं कीं ती गरज होऊन बसते. कडींत कडी अडकून बेडी तयार! जिच्यापासून मुलगा झाला, त्या अनेक वर्षांच्या सोबतिणीला ठरलेल्या लग्नासाठीं दूर पाठवलें. पण लग्नाला अवकाश होता तेवढ्या काळांतही त्याला राहवेना, त्यानें दुसरी स्त्री ठेवली. आणि प्रार्थना कशी? संयम दे, पण घाई करूं नकोस, अशा थाटाची! आपणही ‘पुढच्या वारीपासून सोडतों’ म्हणतों, तें याहून काय निराळें?

इ. स. ३८६. इटलीतील मिलान शहर. घरीं आलेल्या पाहुण्यानें मिसरच्या अँथनी या विरक्त साधूची कथा सांगितली. ती ऐकून ऑगस्टीन व्याकुळ झाला. न शिकलेले लोक देवाला गांठतात आणि आम्ही विद्वान चिखलांत लोळतों! तो बागेंत गेला, मागोमाग अलिपियस. अंजिराच्या झाडाखालीं तो लहान मुलासारखा रडला. तोंच शेजारच्या घरांतून एका मुलाचा आवाज आला. घे आणि वाच, असे तें गुणगुणत होतें. त्यानें संत पौलाच्या पत्रांचें पुस्तक उघडलें. जो मजकूर समोर आला त्याचा भाव असा कीं, चैन आणि मद्यपान सोडून प्रभु येशूला वस्त्राप्रमाणें अंगावर घ्या. पाहा, ‘तूं बळकट हो’ असें तेथें म्हटलेलें नाहीं. वस्त्र अंगांतून निघत नसतें, तें बाहेरून मिळतें आणि घालायचें असतें. अलिपियसनें पुढचें वाचलें. तेथें विश्वासानें दुबळा असलेल्याला जवळ करा, असें होतें. तो म्हणाला, हें माझ्यासाठीं. डोळे मिटून बळ दाखवणारा तो, आज स्वतःला दुबळा म्हणाला आणि तेथेंच तरला! इ. स. ३८७ च्या ईस्टर सणाला बिशप अँब्रोज यांच्या हातून दोघांचा बाप्तिस्मा झाला.

मग माणसानें नुसतें हात जोडून बसावें काय? नाहीं. येशूनें अरण्यांत ४० दिवस उपास केला, तेव्हां सैतानानें त्याला देवळाच्या शिखरावर नेलें आणि म्हटलें, उडी टाक, देव झेलील. वर शास्त्रवचनाचा आधारही दिला! येशूनें उत्तर दिलें कीं, देवाची परीक्षा पाहूं नये. पांडुरंग सांभाळील म्हणून मुद्दाम गुत्त्याच्या दारांत जाऊन बसणें, ही तसलीच उडी आहे. ऑगस्टीननेंही नोकरी सोडली, ठरलेलें लग्न सोडलें आणि सज्जनांची संगत धरली. भरंवसा देवावर, पण पाय मात्र आपण काढायचे.

आणि एवढें झाल्यावर मोह संपला का? बिशप झाल्यावर लिहिलेल्या त्याच ग्रंथाच्या दहाव्या भागांत तो कबूल करतो कीं, जेवतांना गरज कोठें संपते आणि लालूच कोठें सुरू होते हें अजून कळत नाहीं. आमच्या फराळाच्या ताटापाशीं हें वाक्य आठवावें! सर्वांत चिवट मोह स्तुतीचा. स्तुति नको म्हणण्याचाही अभिमान होतो. टाळ्या ऐकणाऱ्या कीर्तनकारानें आणि वीणा धरणाऱ्यानें हें विशेष ध्यानांत धरावें. म्हणूनच तो देवाजवळ मागतो कीं, तुझी जी आज्ञा असेल ती पाळण्याची शक्तिही तूंच दे.

तेव्हां बाबांनो, ज्याचा निश्चय मोडला त्यानें भजनाला यावेंच. आधीं तर त्यानेंच यावें. दुबळा आहें हें ज्याला कळलें, त्याला निम्मी वाट कळली. आणि आपण बाकीच्यांनीं त्याच्याकडे बोट दाखवूं नये. अलिपियसचे डोळे कसे उघडले तें आठवावें. मोहाची घडी आली कीं स्वतःशीं झुंजत उभें राहूं नये. तेथून पाय काढावा, मुखानें देवाला हांक मारावी, आणि ज्याच्या संगतींत देव आठवतो त्याच्या घरीं जाऊन बसावें. आज टिकलें तर आपलें बळ म्हणूं नये. उद्यां मोडलें तर त्याचे पाय सोडूं नयेत.

रामकृष्ण हरि.