मग मी कुठे असते?

शाळेत लैंगिक शिक्षणाचा तास झालेला असतो आणि मुलं घरी परतताच आईबापांना धारेवर धरतात. ‘डेफिनेटली, मेबी’ हा २००८ सालचा अमेरिकी चित्रपट इथून सुरू होतो. न्यूयॉर्कच्या जाहिरात क्षेत्रात काम करणाऱ्या विल हेझच्या हातात नुकतेच घटस्फोटाचे कागद पडलेत आणि त्याची शाळकरी मुलगी माया हट्टाला पेटली आहे: तू आणि आई भेटलात कसे, ते सांग. बाप तडजोड काढतो. १९९२ मध्ये बिल क्लिंटनच्या प्रचारासाठी विस्कॉन्सिनहून न्यूयॉर्कला आल्यापासूनची सगळी प्रेमप्रकरणं तो सांगेल, पण बायकांची नावं बदलून. त्यातली आपली आई कोणती, ते मायाने ओळखायचं.

लेखक-दिग्दर्शक अॅडम ब्रूक्सने ही युक्ती विनोदासाठी वापरली आहे आणि ती चालतेही. कॉलेजपासूनची एमिली, प्रचार कार्यालयात झेरॉक्स काढणारी, राजकारणाशी देणंघेणं नसलेली एप्रिल, आणि बापाच्या वयाच्या प्राध्यापकाच्या प्रेमात असलेली पत्रकार समर. माया एकेकीला जोखत जाते. पण ही पोर ऐकतेय ती असली रहस्यकथा, जिच्यात पणाला लागली आहे ती स्वतः. गोष्ट एकीकडे वळली तर ती जन्मते, दुसरीकडे वळली तर नाही. प्रेक्षक मात्र हळूहळू एप्रिलच्या बाजूला झुकतो आणि झुकता झुकता, नकळत, मायाच्या नसण्याला मत देऊन बसतो.

ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ डेरेक पारफिट यांनी १९८४ मध्ये ‘रीझन्स अँड पर्सन्स’मध्ये हाच धागा पकडून उसवला. ज्या सुमारास तुमची गर्भधारणा झाली, त्यात महिन्याभराचा फरक पडला असता, तर त्याच आईबापांना दुसरंच मूल झालं असतं, असं ते म्हणतात. आगगाड्या आणि मोटारी निघाल्या नसत्या तरी मी जन्मलोच असतो, असं छातीठोकपणे किती जण सांगू शकतील, हा त्यांचा सवाल वाचून जरा गरगरायला होतं. या हिशेबाने विलने भलत्या वेळी एखादा फोन केला असता तरी माया पुसली गेली असती. लग्न दुसरीशी होणं तर लांबच राहिलं.

आता अडचण अशी की विलचं लग्न मोडलं आहे. ते करायलाच नको होतं, असं त्याला वाटलं, तर मायाचं असणंही नको होतं असं त्यात येतं का?

चित्रपटाचं उत्तर गोड आहे. गोष्टीचा शेवट सुखाचाच आहे आणि तो शेवट म्हणजे तू, असं बाप मुलीला सांगतो. रुमाल निघावेत असाच प्रसंग आहे. तरीही उत्तर निसरडं आहे, कारण त्यात एका फसलेल्या लग्नाचा ताळेबंद जुळवण्याचं काम शाळकरी मुलीच्या नावावर मांडलं जातं. उद्या तिचं बिनसलं, ती घर सोडून गेली, तर शेवट दुःखाचा ठरणार का?

बर्कलेचे तत्त्वज्ञ आर. जे वॉलेस यांच्या ‘द व्ह्यू फ्रॉम हिअर’ (२०१३) या पुस्तकात इथे उपयोगी पडणारा एक भेद आहे. ज्याच्यावर जीव जडला त्याचं असणं मनापासून स्वीकारलं, की ज्या घटनांमुळे ते शक्य झालं त्यांनाही मागे वळून नको म्हणता येत नाही, अगदी त्या वाईट असल्या तरी. पण म्हणून त्या वेळचा निर्णय बरोबर होता, असं मुळीच सिद्ध होत नाही. मुलगी हवीच आहे. लग्न चुकलं होतं. दोन्ही खरं, आणि एकाने दुसऱ्यावर पांघरूण घालायचं कारण नाही.

हा पेच विलच्या सोळाशे वर्षं आधी एका बिशपने लिहून ठेवला आहे, आणि तिथे विनोदाला जागा नाही. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोच्या ऑगस्टीनने इ. स. ३९७ च्या सुमारास ‘कन्फेशन्स’ लिहायला घेतलं. कार्थेजला शिकताना तो एका स्त्रीबरोबर लग्नाशिवाय राहू लागला होता. ३७२ च्या सुमारास त्यांना मुलगा झाला, अदेओदातुस. पुढे मिलानमध्ये ऑगस्टीनचं स्थळ ठरलं, नवरी लग्नाच्या वयाचीही नव्हती, आणि इतक्या वर्षांची ती सोबतीण आफ्रिकेला परत गेली. मुलगा बापाकडे राहिला. तिच्या जाण्याने काळजाला पडलेल्या जखमेबद्दल ऑगस्टीन लिहितो, पण एवढ्या मोठ्या पुस्तकात तिचं नाव एकदाही येत नाही.

मुलाबद्दल मात्र तो भरभरून लिहितो. अशा संबंधातून मुलं नको असताना होतात, पण झाली की प्रेम करायला लावतात, अशी त्याची कबुली आहे. पंधरा वर्षांच्या पोराची बुद्धी पाहून बाप दबकतो. ३८७ च्या ईस्टरला दोघांचा बाप्तिस्मा एकत्रच झाला. ‘दे माजिस्त्रो’ हा बापलेकांचा संवाद. त्यातलं मुलाच्या तोंडचं सगळं खरोखर त्याचंच आहे, असं ऑगस्टीन देवाला साक्षी ठेवून सांगतो. पोरगा पुढे लवकरच वारला.

संबंध पाप, मुलगा देणगी, हे ऑगस्टीन एका दमात म्हणू शकतो, कारण पाप त्याने स्वतःच्या खात्यावर घेतलं आणि मुलगा देवाच्या. मुलाने बापाचं पाप धुऊन काढावं अशी अपेक्षा नाही, आणि इथे तो विलपेक्षा नक्कीच सरस आहे. पण या वाटणीत मुलाची आई कुठेच उरत नाही. विल नावं बदलतो खरा, मात्र एप्रिलचं बदलायचं राहून जातं. मायाच्या ते बरोबर लक्षात येतं, आणि जी आपली आई नव्हे तिच्याच दाराशी ती बापाला घेऊन जाते. चित्रपटातला शहाणा माणूस तीच.

पुनर्जन्म मानणाऱ्याला मायाच्या नसण्याचा हा पेच इतका टोचत नाही. छांदोग्य उपनिषदातल्या पंचाग्निविद्येत जीव द्युलोक, पर्जन्य, पृथ्वी, पुरुष आणि स्त्री अशा पाच अग्नींतून येतो. पाली ‘मज्झिमनिकाया’नुसार आईबापांचं मीलन आणि ऋतुकाळ पुरेसा नाही, जन्माला येऊ पाहणारा गंधब्बही हजर लागतो. म्हणजे विलने एप्रिलशी लग्न केलं असतं तरी तो जीव कुठेतरी आलाच असता. बापाला यातून कितीसा दिलासा मिळणार? त्याचं प्रेम अशा कुठल्या जीवावर नाही, पलंगावर बसून उलटतपासणी घेणाऱ्या या पोरीवर आहे. आपली सटवाईसुद्धा कपाळी लिहायला येते ती मूल जन्मल्यावर.

त्याच छांदोग्यात, चौथ्या अध्यायात, एक मुलगा आईला विचारतो: गुरूकडे जायचंय, माझं गोत्र कोणतं? तरुणपणी सेवाचाकरी करत पुष्कळ फिरले, तेव्हा तू झालास. गोत्र मला ठाऊक नाही, असं जबाला सांगते. माझं नाव जबाला, तुझं सत्यकाम, तेव्हा सत्यकाम जाबाल असंच सांग. शंकराचार्यांनी भाष्यात सावरून घेतलं: ती पतीच्या घरी पाहुण्यांच्या सरबराईत गुंतलेली, गोत्र विचारायचं राहिलं, आणि पती वारला. रवींद्रनाथ ठाकुरांनी याच कथेवर कविता लिहिली, तिच्यात असा आडपडदा नाही. वाद जबालाच्या चारित्र्यावर होत आला. तिच्या बोलण्याच्या रीतीकडे लक्ष कमी गेलं. झालं ते चुकलं असं ती म्हणत नाही, आणि तुझ्यामुळे सगळ्याचं सार्थक झालं असंही नाही. जे माहीत आहे ते सांगते, जे नाही ते नाही म्हणते, आणि पोराला मोकळं सोडते.

सत्यकाम गौतम हारिद्रुमतापुढे हे सगळं जसंच्या तसं म्हणून दाखवतो. असं बोलणं ब्राह्मणाशिवाय कुणाला जमणार नाही, अशी गुरूची पावती. सत्यालाही जातीचा दाखला जोडलेला पाहून आजच्या वाचकाला खटकतं. पण गुरू त्याला पदरी घेतो आणि चारशे रोडक्या गायी हाती देतो. त्यांच्या हजार झाल्याशिवाय परतायचं नाही असं ठरवून सत्यकाम रानात जातो. तिथे त्याला ब्रह्म शिकवतात ते एक बैल, अग्नी, हंस आणि पाण्यात बुडी मारणारा मद्गू पक्षी. चौघेही त्याला नुसतं ‘सत्यकाम’ म्हणून हाक मारतात.