पसाऱ्याचे पापपुण्य

‘टेबलावरून माणूस ओळखावा’ हे वाक्य मी आजवर ज्यांच्या ज्यांच्या तोंडून ऐकले, त्यांची टेबले ते वाक्य बोलण्यापूर्वीच आवरलेली होती. पसारेवाल्या माणसाने हे वचन उच्चारल्याचा दाखला निदान माझ्या ऐकण्यात नाही. टेबलावरून ओळखायचेच असेल तर फार तर टेबल ओळखावे, माणूस कशाला? पण आपल्याकडे टेबल, कपाट, पेटी, दप्तर या साऱ्या वस्तूंचा संबंध थेट चारित्र्याशी जोडलेला आहे. ज्याच्या खणात टाचण्या टाचण्यांच्या जागी, तो सज्जन. ज्याच्या खणात टाचणी आधी बोटाला टोचते आणि तरीही सापडत नाही, तो गबाळा. आता ‘गबाळा’ हा शब्द तुम्हाला वाटतो तितका निरुपद्रवी नाही. त्यात थोडा आळस आहे, थोडा बेजबाबदारपणा आहे, आणि आईवडिलांनी केलेल्या संस्कारांवर एक ओझरता शेराही आहे.

हे आजचे नाही. समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकाचा पहिला समास मूर्खलक्षणांना दिला आणि एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला. अक्षर वाटोळे कसे असावे इथपासून पोथीचे बासन कसे असावे इथपर्यंत सगळे त्यात आहे. लहानपणी आमच्या आजोबांनी हे दोन्ही समास माझ्याकडून पाठ करून घेतले. दुसरा समास माझ्या अंगी लागेना, म्हणून पहिला पुन्हा म्हणायला लावीत.

नशीब असे की पुढे नोकरी लागली ती सरकारी कचेरीत. म्हणजे जिथे कागद येतो, कागद जातो, आणि मधल्या काळात कागद असतो. कचेरीतल्या पसाऱ्यावर उपाय म्हणून आपल्या राज्यात ‘सहा गठ्ठे पद्धत’ आहे. १९८०च्या दशकात तेव्हाच्या अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कचेरीची जी फेरमांडणी केली, तिचे पुढे ‘लखिना पॅटर्न’ म्हणून नाव झाले, आणि हे गठ्ठे त्याच घराण्यातले. ज्यांचा सरकारी कचेरीशी संबंध फक्त खेटे घालण्यापुरता आला, त्यांच्यासाठी सांगतो. पहिला गठ्ठा चालू प्रकरणांचा. दुसरा प्रतीक्षाधीन, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी उत्तराची वाट पाहणाऱ्या कागदांचा. तिसरा नियतकालिक विवरणपत्रांचा, चौथा स्थायी आदेशांचा, पाचवा अभिलेख कक्षात पाठवायच्या कागदांचा, आणि सहावा नष्ट करायच्या कागदांचा. कागदांना अ, ब, क, ड असे वर्गही असतात. ‘अ’ वर्गाचा कागद कायम ठेवायचा, ‘ड’ वर्गाचा वर्षभरात मुक्त होतो. मनुष्यजन्माची इतकी स्वच्छ विभागणी चित्रगुप्ताकडेही नसेल.

पद्धत उत्तम आहे, हे मी मनापासून सांगतो. तिच्यात मी स्वतःची फक्त एकच भर घातली, ती म्हणजे सातवा गठ्ठा. हा कागद वरच्या सहांपैकी कोणत्या गठ्ठ्यात घालायचा हे अजून ठरायचे आहे, अशा कागदांचा. हा गठ्ठा बाकीच्या सहांची उंची मिळवून जी होईल तीहून नेहमी चार बोटे वर असे.

लोकांना वाटते, कागद ठेवणे हे हाताचे काम आहे. ते हाताचे काम नाही. हातात आलेल्या प्रत्येक कागदाविषयी एक निवाडा करावा लागतो. हा लागेल का? कधी लागेल? लागला तर कोणत्या नावाने शोधीन? व्यवस्थित माणसाच्या डोक्यात हे निवाडे आपोआप होत असतात, आपण जिना उतरताना पायऱ्या मोजत नाही तसे. माझ्या डोक्यात मात्र प्रत्येक कागदाची रीतसर सुनावणी होते, साक्षीदार बोलावले जातात, आणि तेवढ्यात चहा येतो. पुढची तारीख पडते. पसारा म्हणजे दुसरे तिसरे काही नसून तारखा पडलेल्या निवाड्यांचा ढीग आहे.

याला काही नाव आहे हे मला बावन्नाव्या वर्षी कळले, तेही चिरंजिवांच्या कृपेने. त्याचे शाळेत लक्ष लागत नाही म्हणून आम्ही त्याला मानसोपचार करणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. त्यांनी शाळेचा अहवाल मागितला. मी पिशवी उघडली. पिशवीतून अनुक्रमे गॅसची पावती, एका लग्नाची पत्रिका (ते लग्न होऊन त्या जोडप्याला मूल झाले होते), छत्रीची मूठ, दोन रेल्वेची तिकिटे, आणि शेवटी अहवाल असा ऐवज बाहेर पडला. बाईंनी अहवालाकडे पाहिलेच नाही. त्या माझ्याकडे पाहत होत्या. मुलाचे प्रश्न संपल्यावर त्यांनी तेच प्रश्न मला विचारायला सुरुवात केली. शेवटी म्हणाल्या, “हे पुष्कळदा घराण्यातूनच येतं.” आमच्या घराण्यातून काहीतरी चालत आले आहे हे ऐकून मला क्षणभर बरे वाटले. जमीन तर आली नव्हती.

त्या गोष्टीला एडीएचडी म्हणतात. मराठीत अवधान-न्यूनता आणि अतिचंचलता. नाव असे की ते पूर्ण ऐकेपर्यंतच माझे अवधान सुटते. बाईंनी वाचायला दिलेल्या कागदांतून (ते सातव्या गठ्ठ्यात न घालता मी तिथेच बसून वाचले) एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यात कायमची बसली. १९०२ साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी अशा काही मुलांवर व्याख्याने दिली. ही मुले बुद्धीने ठीक होती, पण एका ठिकाणी टिकत नव्हती. स्टिलसाहेबांनी त्यांच्यातल्या उणिवेला काय म्हणावे? नैतिक नियंत्रणाचा दोष! ‘नैतिक’ म्हणताना त्यांच्या मनात आपल्यापेक्षा थोडा वेगळा अर्थ होता, असे जाणकार सांगतात. सांगोत बापडे. पण शब्द तोच. पुढे १९८० साली अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या अधिकृत जंत्रीत अवधान हा शब्द आणला, १९८७मध्ये आजचे नाव दिले, आणि मोठ्या माणसांसाठी निकष थोडे सैल करायला २०१३ साल उजाडले. म्हणजे नीतीच्या खात्यातून मेंदूच्या खात्यात ही फाइल जायला शंभराहून अधिक वर्षे लागली. आणि दिरंगाईबद्दल नावे ठेवायची ती आम्हाला!

घरी आल्यावर मी ही वार्ता सौ.ला सांगितली. पंचवीस वर्षांच्या भांडणांचा एका दमात निकाल लागला, असा माझा समज होता. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “म्हणजे आता आवरायला नको का?”

या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी आले नाही. तत्त्वज्ञानाच्या जाड पुस्तकांतून जो प्रश्न चारशे पाने पिंजतात, तो ह्या बाईने कढी ढवळता ढवळता एका ओळीत मांडला होता.

कचेरीत आमच्या हेडक्लार्कांना सांगितले, तर त्यांना वेगळाच धक्का बसला. त्यांचे टेबल म्हणजे काय सांगू! काचेखाली देवाचा फोटो, काचेवर एक पेन, बस्स. रबरी शिक्के उंचीप्रमाणे. मी म्हणालो, “आता माझ्या पसाऱ्याचं पाप माझं नाही, असं डॉक्टरच म्हणतात.” ते बराच वेळ गप्प बसले. मग हळूच म्हणाले, “काय हो, म्हणजे माझ्या टेबलाचं पुण्यही माझं नाही?” मला त्या गृहस्थांची खरोखर दया आली. तीस वर्षे जपून ठेवलेली पुंजी खोट्या नाण्यांची निघावी तसा चेहरा झाला होता. पण हिशेब चोख होता. माझा मेंदू मी निवडून आणला नाही, तसा त्यांनीही त्यांचा आणलेला नव्हता.

पापही गेले, पुण्यही गेले, असे समाधान मानून आम्ही दोघे दुपारचा चहा घेत होतो, तेवढ्यात एक बाई आल्या. आमच्याच खात्यातल्या एका शिपायाची विधवा. फॅमिली पेन्शनचा अर्ज सात महिन्यांपूर्वी दिलेला. हातात आवक क्रमांकाची चिठ्ठी, घडी पडून पडून फाटायला आलेली. हेडक्लार्कांनी कपाट उघडले आणि अर्ध्या मिनिटात कागद काढला. प्रतीक्षाधीन गठ्ठ्यात, टॅग लावलेला, पानांना क्रमांक घातलेले. दुसऱ्या कचेरीकडून एक दाखला यायचा होता, तो आला नव्हता. कागद हरवलेला नव्हता. तो इतका जागच्या जागी होता की सात महिन्यांत कोणाला त्याची आठवण झाली नव्हती.

१९८३ साली अमेरिकेत थॉमस मॅलोन नावाच्या संशोधकाने कचेरीतल्या लोकांची टेबले जाऊन पाहिली. त्यांना आढळले की फायली करणारे लोक असतात तसे ढीग करणारेही असतात, आणि टेबलावरचा ढीग नुसता कागद सापडावा म्हणून नसतो, तो कामाची आठवण द्यावी म्हणूनही असतो. हे वाचून मला मॅलोनसाहेबांना एक नारळ पाठवावासा वाटला. कपाटातला कागद हाक मारत नाही. मात्र या शोधावर ढीगवाल्यांनी फार उड्या मारू नयेत. ढिगातला वरचा कागद हाक मारतो हे खरे, पण खालच्यांचा आवाज बाहेर येत नाही. त्या बाईंचा अर्ज माझ्या टेबलावर असता तर पहिले आठ दिवस त्याने मला रोज तीस वेळा हटकले असते. नवव्या दिवशी त्याच्यावर दुसरा कागद बसला असता.

बाईंनी आम्हा दोघांपैकी कोणाच्याही मेंदूविषयी विचारले नाही. त्यांनी एवढेच विचारले, “साहेब, काम कधी होईल?” आपल्या राज्यात २००५ सालचा एक कायदा आहे, ज्याला सगळे दप्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात. सर्वसाधारणपणे कोणत्याही कर्मचाऱ्याकडे फाइल कामकाजाचे सात दिवस, त्याहून जास्त पडून राहता कामा नये, असे तो सांगतो. फाइल का पडून राहिली, आळसाने की अवधानाने की अतिव्यवस्थितपणाने, या चौकशीत तो फारसा रमत नाही. त्या बाईंसारखाच. दोष कोणाचा हा एक प्रश्न आणि कागद कोणाकडे आहे हा दुसरा. पहिल्याचे उत्तर डॉक्टरीणबाईंनी दिले होते, पण दुसऱ्याचे उत्तर टॅग लावून समोर पडले होते. त्याच दुपारी मी आणि हेडक्लार्क त्या दुसऱ्या कचेरीत जाऊन बसलो. दाखला मिळेपर्यंत उठायचे नाही, असे ठरवून. साडेपाचला मिळाला.

सौ.च्या प्रश्नाचे उत्तर मला त्या संध्याकाळी परतताना मिळाले. आवरायला हवेच, पण हेडक्लार्कांसारखे नव्हे. आजोबांच्या घरात भिंतीला एक आकड्याची तार टांगलेली असे. आलेले पत्र, वाण्याची यादी, फीची पावती, सारे तिला टोचायचे. त्या तारेला कोणी गबाळी म्हणत नसे. मी कचेरीतल्या खिडकीच्या गजांना सुतळी बांधली आणि चालू कागद कपड्यांच्या चिमट्यांनी तिला लटकवले. साहेब फेरीवर आले, त्या वाळवणाकडे पाहिले, काही बोलणार होते, पण त्यांचाच एक कागद वाऱ्याने त्यांच्या नाकासमोर हलत होता. त्यावर सही करून गेले.

डॉक्टरीणबाईंनी गोळीही दिली आहे. गोळीने लक्ष लागते, खोटे कशाला बोलू. फक्त ते कशाला लागावे हे गोळी सांगत नाही. पहिल्या दिवशी ते टाचण्या आकाराप्रमाणे लावण्याला दोन तास लागले.

सर्वांत गुणकारी उपाय मात्र औषधाच्या दुकानात मिळत नाही. बाईंनी सांगितले होते, घरचे कागद करायला बसताना शेजारी कोणाला तरी बसवा. त्याने मदत करायची नाही, सूचना द्यायच्या नाहीत, नुसते आपले काम करीत बसायचे. सूचना द्यायच्या नाहीत ही अट सौ.ला फार जड गेली, पण तिने ती पाळली. रविवारी दुपारी मी कागदांचा खोका घेऊन बसलो आणि ती समोर मटार घेऊन. ती सोलत होती, मी उलगडत होतो. आमच्यात एक शब्द नाही. मटार संपेतो विम्याचा हप्ता, घरपट्टी, चिरंजिवांच्या शाळेचा फॉर्म आणि २०१७ सालची एक वॉरंटी असे निकालात निघाले. खोका अजून अर्धा होता. मी तिच्याकडे पाहिले.

“बसा,” ती म्हणाली, “गवार निवडायची आहे.”