शब्दप्रमाण आणि घरची बिअर

घरच्या घरी बिअर बनवायला शिकलेल्या अनेकांनी आपल्या शिक्षकांना कधी पाहिलेले नसते, फक्त ऐकलेले असते. ही रीत अमेरिकेत रुजली. तिथली दारूबंदी १९३३ मध्ये उठली तेव्हा घरी वाइन करण्याला मुभा मिळाली, बिअर मात्र राहून गेली. ती मुभा मिळायला १९७८ साल उजाडले. अध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेला कायदा फेब्रुवारी १९७९ पासून लागू झाला. त्याच सुमारास चार्ली पापाझियन आणि त्यांच्या साथीदाराने कोलोरॅडोतल्या बोल्डर गावी घरगुती बिअर करणाऱ्यांची संघटना उभी केली. पुस्तके आली, गावोगावी मंडळे निघाली. २००५ पासून ‘बेसिक ब्रूइंग रेडिओ’ आणि ‘द ब्रूइंग नेटवर्क’ यांसारखे पॉडकास्ट सुरू झाले आणि विद्यापीठातले प्राध्यापक, यीस्टच्या प्रयोगशाळांतले शास्त्रज्ञ, नामांकित ब्रुअरींचे ब्रूमास्टर पाहुणे म्हणून तासतासभर बोलू लागले. त्यांच्या बोलण्यावर विसंबून कोणी मॅशचे (गरम पाण्यात भिजवलेल्या माल्टचे) तापमान ६८ अंशांवरून ६५ वर आणतो, कोणी कडवटपणा आणणारे हॉप्स उशिरा टाकतो. या ऐकणाऱ्याला जे मिळते ते ज्ञान म्हणायचे, की दुसऱ्याच्या भरवशावर धरलेली समजूत?

भारतीय दर्शनांनी या प्रश्नावर शतकानुशतके वाद घातला आहे. चार्वाकांनी प्रत्यक्षापलीकडे काही मानलेच नाही. वैशेषिकांनी आणि दिङ्नागासारख्या बौद्ध आचार्यांनी शब्दाला स्वतंत्र प्रमाणाचा, म्हणजे ज्ञानसाधनाचा, मान दिला नाही: वक्ता विश्वासू आहे, म्हणून त्याचे बोलणे खरे असावे, असे आपण अनुमान करतो, एवढेच. नैयायिकांनी मात्र शब्दाला प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्या पंक्तीला बसवले आणि आप्ताचे म्हणणे हेच शब्दप्रमाण ठरवले. आप्त कोण, याचे न्यायभाष्यकार वात्स्यायनाने दिलेले उत्तर आजही ताजे वाटते. ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे, जशी जाणली तशी सांगण्याची ज्याला इच्छा आहे आणि सांगण्याची ज्याची क्षमता आहे, तो आप्त. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखेच लागू पडते, असेही तो स्पष्ट म्हणतो. आप्तपणाचा कुळाशी किंवा पदवीशी संबंध नाही. तो त्या त्या विषयापुरता असतो. ‘त्या त्या विषयापुरता’ ही अट घरच्या बिअरच्या बाबतीत फार महत्त्वाची ठरते.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे दुसऱ्या भांड्याचा वाद. आंबण्याचा जोर ओसरला की यीस्ट तळाशी साका होऊन बसते. जुना सल्ला असा होता की त्यानंतर बिअर साक्यावरून काढून दुसऱ्या भांड्यात घ्यावी. नाहीतर मरणाऱ्या यीस्टच्या पेशी फुटतात आणि बिअरला रबरासारखी, मांसाच्या रश्शासारखी चव येते. हा सल्ला खोटा नव्हता. मोठ्या ब्रुअरीत निमुळत्या तळाच्या उंच टाक्या असतात. तिथे यीस्ट शंकूत घट्ट दाबले जाते, वर हजारो लिटरांचा भार असतो, आत उष्णता कोंडते आणि पेशी लवकर मरतात. घरच्या वीस लिटरच्या बादलीत तोच साका पातळ थर होऊन पसरतो, त्यावर वीतभर बिअर असते, आणि निरोगी यीस्ट तिथे कित्येक आठवडे काही बिघडवत नाही. उलट भांडे बदलताना बिअरला हवा लागते आणि जंतूंनाही वाट मिळते. ‘हाऊ टू ब्रू’ या घराघरांत पोचलेल्या पुस्तकाचे लेखक जॉन पामर यांनीही सुरुवातीला भांडे बदलायला सांगितले होते. पुढे त्यांनी तो सल्ला जाहीरपणे मागे घेतला. बदललेले मत बोलून दाखवायला पॉडकास्ट हे माध्यम पुस्तकापेक्षा सोयीचे ठरले, कारण तिथे नव्या आवृत्तीची वाट पाहावी लागत नाही.

या प्रकरणात जाणकार अनाप्त नव्हते. त्यांनी जे पाहिले ते खरे होते. ते ज्या परिस्थितीत पाहिले ती परिस्थिती मात्र सांगताना आणि ऐकताना गळून पडली. म्हणून पॉडकास्टमध्ये यजमानाचे काम पाहुण्याइतकेच मोलाचे असते. टाकी केवढी होती, यीस्ट ताजे होते का, हे कोणत्या शैलीच्या बिअरबद्दल चालले आहे, असे प्रश्न त्याने विचारले नाहीत, तर शब्द पोचतो पण प्रमाण वाटेत हरवते.

दोन आप्तांचे पटत नसेल तर पेच आणखी वाढतो. गरम वर्ट (आंबवण्याआधीचा धान्याचा गोड अर्क) ढवळताना त्यात हवा मिसळली तर पुढे बिअर लवकर शिळी होते, हा इशारा गणिताचे प्राध्यापक आणि ब्रूइंगचे अभ्यासक जॉर्ज फिक्स यांनी घरगुती मंडळींत रुजवला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतले प्राध्यापक चार्ली बॅमफोर्थ यांनी मात्र पॉडकास्टवर येऊन ती धास्ती कमी केली: बाटलीत भरताना शिरणाऱ्या हवेची आधी काळजी करा, असा त्यांचा रोख होता. न्यायदर्शन अशा मतभेदाला संशयाचे एक कारण मानते, आणि संशय ही चौकशीची सुरुवात. ज्याने एकच पाहुणा ऐकला त्याला संशय येत नाही, आणि चौकशीचीही गरज वाटत नाही. शिकणाऱ्याने परस्परविरोधी आप्तवचने मुद्दाम ऐकावीत, ती याचसाठी.

तरीही आवाजातून न येणारे काही उरतेच. डायअ‍ॅसिटिल नावाच्या द्रव्यामुळे बिअरला लोण्याचा वास येतो, हे वाक्य कितीही वेळा ऐकले तरी तो वास नाकाला ओळखीचा होत नाही. काहींना तर तो मुळात फारच कमी जाणवतो. इथे चांगला पाहुणा वर्णन लांबवत नाही, तो परीक्षा सांगतो. आंबत असलेल्या बिअरचे दोन नमुने घ्यावेत, एक झाकून साठ-पासष्ट अंशांच्या पाण्यात वीसेक मिनिटे ठेवावा, मग दोन्ही थंड करून हुंगावेत. लपलेले पूर्वद्रव्य उष्णतेने डायअ‍ॅसिटिलमध्ये बदलते. तापवलेल्या नमुन्यालाच लोण्याचा वास आला तर यीस्टचे काम बाकी आहे. बिअर आणखी काही दिवस यीस्टवरच, किंचित उबदार जागी राहू द्यावी. शब्दाने इथे प्रत्यक्षाची जागा घेतलेली नाही, प्रत्यक्षाकडे जाण्याचा रस्ता दाखवला आहे. उपनिषदांतला श्रवण, मनन आणि निदिध्यासन हा क्रम आत्मज्ञानासाठी सांगितलेला आहे, यीस्टसाठी नव्हे. पण ऐकणे ही पहिली पायरी आहे, शेवटची नाही, हे तो क्रम दोन्हीकडे दाखवतो. समर्थ रामदासांनी दासबोधात गुरुप्रचीती आणि शास्त्रप्रचीती यांच्याबरोबर आत्मप्रचीती मागितली. तिन्हींचा मेळ बसल्याशिवाय निश्चय होत नाही, हा त्यांचा आग्रह कोणत्याही विद्येच्या साधकाला मार्गदर्शक आहे.

मात्र आत्मप्रचीतीही एकटी पुरेशी नाही. ज्याने स्वतः बिअर केली त्याला आपण काय बदलले ते ठाऊक असते, आणि ठाऊक असलेला फरक जिभेला सापडतोच. यावरचा उपाय तीन पेल्यांच्या चाचणीत आहे: दोन पेल्यांत एकच बिअर, तिसऱ्यात वेगळी, आणि चाखणाऱ्याने वेगळा पेला ओळखायचा. नुसत्या अंदाजाने तीनातला एक जण बरोबर ठरतो, म्हणून बरेच जण चाखायला लागतात आणि बरोबर उत्तरे त्या प्रमाणाच्या स्पष्टपणे वर जावी लागतात. म्हणजे पाहुण्याचे म्हणणे ताडून पाहण्यासाठी शिकणारा स्वतःच्या जिभेकडे वळतो, आणि त्या जिभेची खात्री करायला त्याला पुन्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या शब्दाचाच आधार घ्यावा लागतो.