एका पैची टाळी



दत्तजयंतीच्या अंकात कोणी क्षेत्रमाहात्म्य लिहितं, कोणी आपले अनुभव लिहितं. मी पडलो बी.कॉम. माणूस, छत्तीस वर्षं बँकेत कारकुनी केलेला. हिशेबापलीकडे मला फारसं काही येत नाही, म्हणून हिशेबाच्याच अंगाने एक प्रश्न भाविकांपुढे ठेवतो. पोटासाठी जे काम करावं लागतं, त्यात माणसाला समाधान मिळू शकतं का? की समाधान देवळात, आणि ऑफिसात फक्त पगार?

या प्रश्नाच्या अगदी जवळची एक गोष्ट आपल्या दत्तपरंपरेतच आहे आणि ती सगळ्यांना ठाऊक आहे. नाथमहाराज देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या सेवेत होते. स्वामी गडाचे किल्लेदार आणि थोर दत्तभक्त. गडाला गुरुवारची सुट्टी असे, असंही सांगतात. (आमच्या बँकेत ही सोय नव्हती!) नाथांकडे हिशेबाचं काम होतं. एके रात्री एका पैचा फरक राहिला. नाथ दिवा लावून बसले, मध्यरात्र उलटली, आणि चूक सापडली तशी त्यांनी आनंदाने टाळी वाजवली. स्वामींनी ते पाहिलं आणि म्हणाले, एका पैची चूक सापडली तर एवढा आनंद, मग संसाराची चूक सापडली तर केवढा होईल!

कीर्तनकार इथून संसाराच्या चुकीकडे वळतात. ते योग्यच, गोष्टीचा रोखच तो आहे. माझं मन मात्र टाळीपाशीच घुटमळतं. ती टाळी खरी होती. रात्री कोणी बघत नसताना, बक्षिसाची आशा नसताना वाजलेली. आणि स्वामींनीही त्या आनंदाला क्षुल्लक ठरवलं नाही. ज्या चित्ताने पै शोधली, तेच चित्त पुढे परमार्थाला लावलं. अकराव्या स्कंधावरची ती एवढी मोठी टीका १५७३ साली काशीत पुरी झाली, तिच्या मुळाशी हीच बैठक असणार, असं आपलं मला वाटतं.

ज्यांनी हाताने लेजर लिहिली त्यांना ही टाळी लगेच कळेल. कॉम्प्युटर येण्याआधी खात्यांची बेरीज जनरल लेजरशी जुळवावी लागे. जुळली नाही की डिफरन्स. तो शोधायच्या आमच्या युक्त्या होत्या. फरकाला नऊने भाग गेला तर बहुतेक कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झालेली असते, ५४ चे ४५ झालेले असतात. नाहीतर फरकाच्या निम्मी रक्कम शोधायची, कारण जमेची रक्कम नावे पडली असेल तर फरक दुप्पट दिसतो. सहामाही क्लोजिंगला रात्रीचे दहा-दहा वाजत, चहाचे कप टेबलावर साचत, आणि मग कोणीतरी ओरडे, "सापडलं!" तेव्हा जो आनंद व्हायचा तो पगाराच्या दिवशीही होत नसे.

पण खरं सांगायचं तर असे दिवस वर्षाकाठी दहा-पंधरा. बाकीचे दिवस व्हाउचरवर शिक्के मारण्यात, टोकन देण्यात आणि पासबुकं भरण्यात गेले. कंटाळा यायचा. रोज कामात आनंद मिळतो असं जे लोक सांगतात, त्यांनी बहुधा पासबुकं भरलेली नसावीत. समाधान म्हणजे कंटाळा नसणं, असं मी मानत नाही. दोन्ही एकाच टेबलावर शेजारी शेजारी बसतात.

आणखी एक. 'काम हीच पूजा' ही पाटी आमच्या एका साहेबांच्या केबिनबाहेर होती. सुट्टीचा अर्ज घेऊन गेलं की आधी ती पाटी दिसायची. वाक्य चांगलं आहे, पण ते काम करणाऱ्याने स्वतःशी म्हणायचं असतं. काम करवून घेणाऱ्याने दुसऱ्याला ऐकवलं, की त्यातली पूजा जाते आणि नुसती बिनपगारी वेठ उरते. गुरुचरित्रातला विणकर आपलं पोटाचं काम करून मग मठाचं अंगण झाडायला जायचा. ते झाडणं त्याचं त्याने ठरवलं होतं, म्हणून त्याला मोल होतं.

बढतीचंही तसंच. कारकुनाने ऑफिसर व्हायचं तर बदली घ्यावी लागे. घरी आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून मी दोनदा नाव मागे घेतलं. घरात त्यावरून बोलणी झाली, नाही असं नाही. माझ्याबरोबर लागलेले एक स्नेही बढती घेऊन गेले, चार जिल्हे फिरले आणि चीफ मॅनेजर होऊन निवृत्त झाले. कारकुनीतच खरं सुख आणि ते बिचारे दुःखी, असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल, पण ते खोटं होईल. ते मजेत होते. नव्या धंद्याला कर्ज मंजूर केलं आणि तो धंदा चालला की त्यांचा चेहरा फुलायचा. म्हणजे समाधान खुर्चीला चिकटलेलं नसतं, मोठ्याही नाही आणि लहानही नाही.

मग ते कशात असतं? एकाग्रतेत, असं उत्तर पटकन सुचतं. अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये तो बाण करणारा कारागीर आहे. शेजारून राजाची स्वारी वाजतगाजत गेली तरी त्याला पत्ता नाही, इतका तो बाणात गढलेला. (त्याच यादीत मध गोळा करून नेणाराही आहे. साठवलेला मध दुसराच नेतो, हा धडा आम्हा बचतखातेवाल्यांना जरा टोचणाराच!)

मात्र बाणवाल्याची गोष्ट मला अनेक वर्षं पुरती पटत नव्हती. बाण कोणासाठी? तो कोणाला लागणार? सावकाराची खोटी वहीसुद्धा एखादा कारकून अगदी एकाग्रतेने लिहू शकतो, आणि बेरीज जुळली की टाळीही वाजवू शकतो. पुढे लक्षात आलं, की अवधूताने प्रत्येक गुरूकडून फक्त हवं तेवढंच घेतलं. कारागिराकडून एकाग्रता घेतली, त्याचा धंदा नाही घेतला. आपण मात्र नोकरीत दोन्ही एकदम घेतो, म्हणून आपल्याला आणखी एक गोष्ट पाहावी लागते. काउंटरपलीकडे कोण उभं आहे? तिथे बाणवाल्यासारखं वर न बघणं चालत नाही.

१ एप्रिल २०१० पासून बचत खात्याचं व्याज रोजच्या शिलकीवर मिळू लागलं. त्याआधी ते महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंतच्या सगळ्यात कमी शिलकीवर मिळे. म्हणजे अकरा तारखेला भरलेल्या पैशाला त्या महिन्याचं व्याज नाही, आणि एकोणतीस तारखेला काढलेल्या पैशाचंही गेलं. हे ज्याला माहीत तो दहाच्या आत भरायचा आणि एक तारखेनंतर काढायचा. खेड्यातून ऊसबिलाचे पैसे घेऊन येणाऱ्याला हे कुठलं माहीत? ते सांगणं आमच्या कामात धरलेलं नव्हतं. सांगितलं नाही म्हणून कोणी मेमो दिला नसता.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. एक म्हातारी महिनाअखेरीला खातं रिकामं करायला आली. चोवीसशे रुपये होते. मी म्हटलं, "आज्जी, दोन दिवस थांबा, एक तारखेला काढा." त्यांनी पदर सावरला आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं विचारलं, "का रं बाबा, पैसं संपलं व्हय बँकंतलं?" सगळे हसले. मी कागदावर मांडून दाखवलं, पाच टक्क्यांनी महिन्याचे दहा रुपये होतात. दहा रुपये तेव्हा थोडे नव्हते. त्या थांबल्या. पुढे दर वेळी त्या माझ्याच खिडकीपाशी येत, रांग मोठी असली तरी. त्या दिवशी कुठला हिशेब जुळला ते मला नीट सांगता येणार नाही, पण जुळला होता एवढं नक्की.

हे सगळं आत्ताच लिहायचं कारण घरात आहे. मुलगा पुण्याला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. पगार माझ्या शेवटच्या पगाराच्या कितीतरी पट. दिवाळीत आला तेव्हा म्हणाला, "बाबा, नोकरी सोडावी म्हणतोय. मी काय करतो आणि कशासाठी, हेच कळेनासं झालंय." त्याच्या आईला धक्का बसला. घराचे हप्ते चालू आहेत. मी त्याला आज्जींची गोष्ट सांगितली तर म्हणाला, "तुमच्यासमोर माणूस होता. माझ्यासमोर स्क्रीन आहे." त्याचं म्हणणं खोटं नाही. अमेरिकेतल्या विमा कंपनीचं काम, तिथला माणूस याला कधी दिसणारच नाही. आमच्या पिढीने तरुणांना 'मन लावून काम करा' असं सांगताना हा फरक लक्षात घेत नाही.

मी एवढंच विचारलं, "तुझं काम चुकलं तर तिकडे कोणाचं अडतं?" बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "दवाखान्याच्या बिलाचा क्लेम अडकतो कोणाचा तरी." पुढे काही बोलला नाही, मीही नाही. पण उठताना पुटपुटला, की असे किती अडकले ते बघायची सोय सिस्टिममध्ये आहे, त्याने कधी उघडून पाहिलेलं नाही.

सोडायची की नाही ते अजून ठरलेलं नाही. दत्तजयंतीला वाडीला येतोय. दर्शनाची रांग त्या दिवशी मोठी असते, बोलायला वेळ मिळेल.