लेकुरवाळीचा हक्क आणि बंद दरवाजे

येवल्याच्या मुक्तिभूमीवर जो जनसमुदाय जमतो, तो १३ ऑक्टोबर १९३५ या दिवसाचे स्मरण करण्यासाठी जमतो. त्या दिवशी येथील परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली, आणि पैठणीच्या मागांसाठी ओळखले जाणारे हे गाव देशाच्या सामाजिक इतिहासातही अढळ स्थान मिळवून बसले. त्या घोषणेच्या सात वर्षे आधी, २८ जुलै १९२८ रोजी, मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात बाबासाहेबांनी केलेले एक भाषण मात्र तितके सर्वतोमुखी झालेले नाही. कारखान्यांत राबणाऱ्या स्त्रियांना बाळंतपणाच्या काळात रजा आणि भत्ता मिळावा, असा मसुदा त्या वेळी मंडळापुढे होता आणि गिरणीमालकांच्या बाजूने खर्चाची सबब पुढे केली जात होती. बाबासाहेबांनी मसुद्याला पाठिंबा देताना सांगितले की प्रसूतीच्या आधी आणि नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. लोककल्याण हे मुख्यतः सरकारचे कर्तव्य असल्यामुळे या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलला पाहिजे. आणि स्त्रियांच्या श्रमातून नफा मिळवणारा मालकही या जबाबदारीतून सर्वस्वी मोकळा होऊ शकत नाही. पुढल्याच वर्षी, १९२९ साली, मुंबई इलाख्याचा प्रसूतिलाभ कायदा झाला. अशा स्वरूपाचा हा देशातला पहिला कायदा होय.

मातृत्व हे एका स्त्रीचे खाजगी ओझे नसून ज्या समाजाला त्यातून उद्याचा माणूस मिळतो त्या समाजाने वाटून घ्यावयाचे कार्य आहे, हे त्या भाषणाचे मूलतत्त्व. ते मान्य करून जवळजवळ शंभर वर्षे लोटली, तरी भर बाजारात, बसस्थानकावर, कचेरीच्या व्हरांड्यात तान्हे मूल भुकेने रडू लागले म्हणजे त्याच्या आईला आजही प्रथम आडोसा शोधावा लागतो, आणि आडोसा न मिळाल्यास मुलाची भूक किंवा स्वतःचा संकोच यांपैकी एक निवडावे लागते. मूल अंगावर पाजणे हा आईचा हक्क आहे आणि तो कोणत्याही खोलीच्या उपलब्धतेवर अवलंबून असू शकत नाही, एवढेच या लेखात प्रतिपादन करावयाचे आहे.

प्रथम निसर्गाचा कायदा पाहू, कारण माणसाचे कायदे पुष्कळदा त्याचा विचार न करता केलेले असतात. नवजात अर्भकाचे जठर इतके लहान असते की त्याला चोवीस तासांत आठ ते बारा वेळा दूध लागते. मूल जितके पिते तितके दूध उतरते, आणि पाजण्यात वारंवार खंड पडला तर छाती भरून दुखू लागते, गाठी धरतात, हळूहळू पान्हा कमी होतो. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज पाणीसुद्धा देऊ नये, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत भारतात सहा महिन्यांखालील सुमारे ६४ टक्के बालके केवळ आईच्या दुधावर असल्याचे आढळले. म्हणजे प्रत्येक तिसऱ्या बालकाच्या वाट्याला ते संपूर्णपणे येत नाही. याची कारणे अनेक आहेत. पण ‘घरी गेल्यावर पाज’ असे ज्या समाजात सहज म्हटले जाते, त्या समाजाला मुलाची भूक घड्याळ पाहून लागत नाही एवढेही उमगलेले नसते.

आता माणसाचे कायदे पाहू. १९६१ च्या प्रसूतिलाभ अधिनियमाने कामावर परतलेल्या आईला मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोन वेळा पाजण्यासाठी सुटी दिली, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद कायम आहे. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी रजेची मुदत बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर नेली, आणि पन्नास किंवा अधिक नोकर असलेल्या आस्थापनेत पाळणाघर असलेच पाहिजे व आईला तेथे दिवसातून चार वेळा जाण्याची मुभा असली पाहिजे, असा दंडक घातला. ही प्रगती थोर आहे. तथापि सव्वीसांपैकी आठ आठवडे जिने प्रसूतीपूर्वी घेतले, ती आई मूल चार महिन्यांचे होताच कामावर हजर होते, आणि निव्वळ अंगावरच्या दुधाचे दोन महिने अद्याप उरलेलेच असतात. त्याहून मोठी उणीव अशी की हा सारा कायदा ‘आस्थापना’ या चौकटीत उभा आहे. जिला मालकच नाही, किंवा जिचा मालक कागदावर नाही, ती स्त्री या चौकटीच्या बाहेरच राहते.

येवल्यात अशा स्त्रियांची वानवा नाही. पैठणीचा माग बहुधा घरातच असतो. येवल्याच्या गल्ल्यांत आणि नागडे, बल्हेगाव यांसारख्या आसपासच्या गावांत घरातील माणूस मागावर बसतो तेव्हा रेशीम उकलणे, कांड्या भरणे आणि ताणा सारखा करण्यास मदत करणे ही कामे घरातली बाई करते, आणि आता कित्येक घरांत ती स्वतःच मागावर बसते. मजुरी नगावर, म्हणजे साडीच्या हिशेबाने मिळते. बाळंतपणात माग थांबला तर मजुरीही थांबते. मूल घरातच असल्यामुळे तिला पाजण्याला बंदी नाही हे खरे; परंतु उसंतीची किंमत तिला स्वतःच्या खिशातून मोजावी लागते. कांद्याच्या खळ्यावर निवडणीला जाणाऱ्या बाईला तर घराचाही आधार नाही. झाडाला किंवा खांबाला झोळी बांधून, रोजंदारीचा खाडा होणार नाही अशा बेताने ती मुलाला जवळ घेते. तिच्यासाठी पंतप्रधान मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्याला पाच हजार रुपये आहेत. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तर सहा हजारांहून कमी नाही असे वचन दिले होते. सव्वीस आठवड्यांचा पूर्ण पगार एकीकडे आणि ही रक्कम दुसरीकडे ठेवली म्हणजे १९२८ सालचे तत्त्व कोणापर्यंत पोचले आणि कोणापर्यंत पोचले नाही, हे निराळे सांगावे लागत नाही.

सार्वजनिक जागी मुलाला पाजण्यास आपल्या देशात कोणत्याही कायद्याने मनाई केलेली नाही. अश्लील कृत्याबद्दलचे दंडविधान पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम २९४ मध्ये होते, आता ते भारतीय न्याय संहितेच्या कलम २९६ मध्ये आहे. बालकाच्या आहाराला अश्लीलतेचा दोष चिकटवणे हा त्या कलमाचा विपर्यासच होय. २०१८ साली एका मल्याळी मासिकाच्या मुखपृष्ठावरील स्तनपानाच्या चित्राविरुद्ध झालेली फिर्याद केरळ उच्च न्यायालयाने फेटाळली आणि त्या चित्रात अश्लील असे काही दिसत नाही असे म्हटले. २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने मुलाला पाजणे हा मातेचा अविभाज्य अधिकार असून तो संविधानाच्या अनुच्छेद २१ ने रक्षिला आहे असा निर्वाळा दिला. त्यानंतर १९ फेब्रुवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना आणि न्यायमूर्ती प्रसन्न वराळे यांच्या पीठाने सार्वजनिक इमारतींत मातांसाठी जागा राखून ठेवण्याबाबत राज्यांना निर्देश दिले. एवढेच नव्हे, तर स्त्रियांच्या प्रतिष्ठेला उणेपणा आणणाऱ्या प्रथांचा त्याग करणे हे अनुच्छेद ५१-क नुसार नागरिकांचे मूलभूत कर्तव्य आहे याचे स्मरण देऊन, सार्वजनिक ठिकाणी व कामाच्या जागी पाजणाऱ्या मातेला कलंक लावला जाता कामा नये असे बजावले. न्यायमूर्ती वराळे हे बाबासाहेबांचे सहकारी बळवंतराव वराळे यांचे नातू; मुंबईच्या कायदेमंडळात उच्चारलेले तत्त्व दिल्लीच्या न्यायासनावरून पुन्हा उच्चारले गेले, ही गोष्ट येवलेकरांना विशेष अभिमानाची वाटावी.

असे असूनही एक पोकळी राहतेच. मनाई नाही, पण संरक्षणही स्पष्ट शब्दांत नाही. उपाहारगृहाच्या व्यवस्थापकाने किंवा देवस्थानाच्या रखवालदाराने एखाद्या आईला ‘येथे नको’ म्हणून उठवले, तर त्याने कोणत्या कलमाचा भंग केला, हे तिला बोट ठेवून दाखवता येत नाही. स्कॉटलंडने २००५ साली नेमकी हीच पोकळी भरली: सार्वजनिक जागी दोन वर्षांखालील मुलाला दूध देण्यास जो हेतुपुरस्सर अटकाव करील तो दंडास पात्र ठरतो. तेथे आईला परवानगी मागावी लागत नाही. अडवणाऱ्यालाच जाब द्यावा लागतो. आपल्या विधिमंडळाने अशी एक ओळ कायद्यात घातली तर तिजोरीवर एका रुपयाचाही भार पडणार नाही.

‘हे सारे पाश्चात्त्य आहे, आमच्या मर्यादेला सोडून आहे’ असा आक्षेप येथे घेतला जाईल, आणि तो प्रामाणिक असेल तर त्याला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. महाराष्ट्रातील कष्टकरी स्त्रीने शेताच्या बांधावर, बाजाराच्या पालाखाली, एसटीच्या बाकावर पदराआड मुलाला पाजले आहे, आणि भोवतालच्या माणसांनी त्यात काही विशेष आहे असे मानलेले नाही. आपल्या संतांनी प्रत्यक्ष परमेश्वराला माउली म्हटले आणि त्याच्या करुणेला पान्ह्याची उपमा दिली. त्या परंपरेत लाज वाटण्याजोगे काही असते तर ती भाषा भक्तीची झाली नसती. लाजेचे हे स्वरूप अलीकडचे आहे. पदराची जागा निराळ्या पोशाखाने घेतली, ओळखीच्या गावगाड्याची जागा अनोळखी गर्दीने घेतली, आणि आता प्रत्येकाच्या हातात चित्र टिपणारा मोबाइल आला. स्त्रीचे भय निराधार नाही. पण ते पाहणाऱ्याच्या वर्तनातून उत्पन्न झाले आहे. म्हणून मर्यादा शिकवावयाची असेल तर ती टक लावून पाहणाऱ्याला शिकवली पाहिजे. जिला पदर घ्यावासा वाटतो तिने तो अवश्य घ्यावा. मात्र तो तिच्या इच्छेने असावा, दुसऱ्याच्या हुकुमाने नव्हे.

यावर आपण काढलेला तोडगा म्हणजे हिरकणी कक्ष. बसस्थानकांवर आणि सरकारी कचेऱ्यांत असे कक्ष उघडले गेले, ही योजना सद्‌हेतूची आहे आणि ज्या मातेला एकांत हवा तिला तो मिळालाच पाहिजे. पण खोली बांधली म्हणजे कर्तव्य संपले, ही समजूत घातक आहे. कित्येक ठिकाणी या खोल्यांना कुलूप असते, कित्येक ठिकाणी त्यांत अडगळ साठते. आपल्याच जिल्ह्यातील देवळालीच्या आमदार सरोज अहिरे यांचे उदाहरण ताजे आहे. डिसेंबर २०२२ मध्ये त्या अडीच महिन्यांच्या बाळाला घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला गेल्या, तेव्हा सर्वांनी कौतुक केले आणि हिरकणी कक्षाची तजवीजही झाली. दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी २०२३ मध्ये, मुंबईच्या अधिवेशनात त्याच नावाच्या खोलीत त्यांना धूळ आणि गैरसोय आढळली, आणि ती व्यथा सांगताना त्यांचे डोळे भरून आले. कायदे जेथे घडतात त्या वास्तूत निवडून आलेल्या स्त्रीची ही अवस्था, तर तालुक्याच्या गावी गाठोडे सांभाळत उतरणाऱ्या बाईची काय असेल?

ज्या गवळणीचे नाव या खोल्यांना दिले, तिच्या आख्यायिकेचा बोधही नीट ध्यानात घेतला पाहिजे. कोजागिरीच्या दिवशी दूध विकण्यास रायगडावर गेलेली हिरकणी दरवाजे बंद झाल्यामुळे अडकली, आणि घरी तान्हे मूल असल्यामुळे कडा उतरून गेली. महाराजांनी तिचा सन्मान केला आणि त्या जागी बुरूज बांधवला, असे सांगतात. गडाच्या संरक्षणासाठी दरवाजा बंद राहणे अपरिहार्य होते, आणि तो बुरूजही त्याच गरजेतून उभा राहिला. परंतु बसस्थानक, बाजार समिती, तहसील कचेरी ही काही शत्रूच्या वेढ्यातील ठाणी नव्हेत. तेथे आईला कडा उतरण्याचे धैर्य दाखवावे लागू नये, हीच हिरकणीच्या स्मृतीला शोभणारी व्यवस्था होय. मातेच्या साहसाचे पोवाडे गाणारा समाज तिला साहसाची गरजच पडणार नाही अशी तरतूद करील, तेव्हाच त्या गौरवाला अर्थ येईल.

यासाठी येवल्याने काय करावे? नगरपरिषदेने ठराव करून आपल्या हद्दीतील प्रत्येक सार्वजनिक जागी ‘येथे आई मुलाला पाजू शकते, तिला अडवू नये’ अशी पाटी लावावी. बाजार समितीने आणि खळेवाल्यांनी निवडणाऱ्या बायांसाठी सावलीची स्वच्छ जागा आणि मजुरी न कापता उसंत द्यावी. पैठणीचे व्यापारी आणि सरकार यांनी मिळून विणकर स्त्रीच्या बाळंतपणासाठी निधी उभारावा, म्हणजे सरकार आणि श्रमाचा लाभ घेणारा या दोघांवर बाबासाहेबांनी टाकलेली जबाबदारी येथे तरी प्रत्यक्षात येईल. आणि येथून निवडून जाणाऱ्या प्रतिनिधीने अडवणाऱ्याला दंड करणारे कलम विधिमंडळात मागावे. यांतील एकही मागणी अवाजवी नाही. मुलाची भूक कोणत्याही नोंदवहीत पूर्वसूचना देऊन येत नाही. म्हणून ती भागवण्याचा अधिकारही आईबरोबर, ती जाईल तेथे, गेला पाहिजे.