आजचा शब्द : अपैशुन



गीतेच्या 16 व्या अध्यायातला दुसरा श्लोक. अहिंसा, सत्य, अक्रोध हे शब्द ओळखीचे वाटतात आणि पहिल्या ओळीच्या शेवटी आपण अडखळतो : अपैशुन.

पिशुन म्हणजे चहाडखोर. त्याचं वागणं ते पैशुन्य. ते नसणं म्हणजे अपैशुन. आचार्य शंकर भाष्यात सांगतात की दुसऱ्याची उणीव तिसऱ्यापुढे उघडी करणं हे पैशुन्य. नीट बघा, उणीव खोटी असायला हवी असं ते म्हणत नाहीत. खोट्याला तर त्याच श्लोकातल्या 'सत्य'ने आधीच अडवलंय. म्हणजे अपैशुनाची खरी परीक्षा आपण खरं बोलतो तेव्हाच!

मी त्या परीक्षेत नापास झालोय. मुकुंदवाडी स्टेशनवर गाडीची वाट बघत होतो. एका मित्राने उसने पैसे दिले नव्हते, नुसती कारणं चालली होती. त्याच्या मेसेजचा स्क्रीनशॉट मी मित्रांच्या ग्रुपवर टाकला. एक अक्षर खोटं नव्हतं. रात्री पैसे आले आणि तो ग्रुपमधून निघून गेला. "मी खरंच तर बोललो," असं बरेच दिवस स्वतःला सांगत राहिलो.

नगर रोडने गेलं की नेवासे लागतं. तिथे शके 1212 मध्ये सांगितलेल्या ज्ञानेश्वरीत या शब्दापाशी माउली चिखलात रुतलेल्या गायीचा दाखला देतात. ती दुभती की भाकड हे कुणी विचारत बसत नाही, आधी बाहेर काढतात. मी मात्र गाय रुतलीये हे दाखवायला गाव गोळा केलं होतं.

मग अन्याय दिसला तरी गप्प बसायचं का? मुळीच नाही. कुणी फसवत असेल, छळत असेल, तर ते झाकणं म्हणजे अपैशुन नव्हे. जो ते थांबवू शकतो त्याला सांगायलाच हवं, आणि ज्याच्यावर बेतलंय त्यालाही. पण माझ्या ग्रुपवरच्या बाकीच्यांचा त्या पैशांशी काय संबंध होता? त्यांना फक्त मजा मिळाली, आणि मला त्यांची सहानुभूती.

परवा त्याला माफीचा मेसेज केलाय. निळी टिक आलीये, उत्तर नाही. ते यावं असा माझा हक्कही नाही.

आज एवढंच करूया : कुणाबद्दलचं काही फॉरवर्ड करण्याआधी स्वतःला विचारू, मी दोर घेऊन चाललोय की गर्दी जमवायला?

राम कृष्ण हरी.